गाणं लागायच्या आधीची सर्र

बाबांशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडलं की ते भडकतात. "मी काय बहिरा हाये का?" म्हणतात. आहेत. सगळ्या सौंसरला माहीत आहे, त्यांनाच तेवढं मान्य नाही. ओसरीतल्या खाटेवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओठांकडे बघत असतात, आणि समोरचा हसला की आपणही हसतात. कशावर हसलो हे त्यांना माहीत नसतं. पाहुणे आधी मोठ्यानं बोलून पाहतात, मग "जाऊ दे" म्हणून माझ्याकडे वळतात.

मला भीती वाटते ती त्या खाटेची. आधीच सांगून टाकतो. पांढुर्ण्यात माझा डीजे आहे, कानांवर माझं पोट आहे, आणि माझा बाप बहिरा झाला तो ह्याच धंद्यात. एवढं ध्यानात ठेवलं की पुढं मी जो काही फोकनाडपणा, नसती फुशारकी केली ती कशापायी, हे आपोआप समजेल.

बाबांचं लाऊडस्पीकरचं काम होतं. डीजे हा शब्द तेव्हा इकडे कोणी ऐकलाही नव्हता. एक रेकॉर्ड प्लेअर, एक अ‍ॅम्प्लिफायर, मंडपाच्या बल्लीला बांधलेला भोंगा, आणि खाली पेटीला टेकून बाबा. लग्न रामाकोन्याचं असो की लोधीखेड्याचं, त्यांची जागा तीच, भोंग्याच्या बरोबर खाली, कारण वायर तेवढीच पुरायची. प्लेअर एकच, त्यामुळं एक गाणं संपलं की दुसरी रेकॉर्ड चढवेपर्यंत सगळं चूप. मग सुई टेकायची, आणि गाणं लागायच्या आधी भोंग्यातून नुसती सर्र यायची. ती गावभर जायची. बायका लाटणं हातात तसंच धरून म्हणायच्या, "आता लागते पाह्य गाणं." खरं सांगतो, मला गाण्यापेक्षा ती सर्रच जास्त आवडायची. गाणं येणार याची ती खात्री होती.

माझ्या डीजेत असलं काही नाही. लॅपटॉप, मिक्सर, आणि पिकअप गाडीवर रचलेले बेस आणि टॉप. बेस म्हणजे छाती हलवणारे मोठे डबे, टॉप म्हणजे वरचा बारीक आवाज काढणारे. एका गाण्यात दुसरं गाणं असं मिसळतो की नाचणाऱ्याला ठेका कधी बदलला ते कळत नाही, पाय आपोआप बदलतात. या कामात मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. माज आहे म्हणा हवं तर.

मागच्या वर्षी हेडफोनमध्ये सर्र यायला लागली. बारीक, पण सारखी. साउंडवाल्याच्या डोक्यात असल्या वेळी पहिला संशय येतो तो अर्थिंगचा. मी ओल्या मातीत सळई गाडून, वर मिठाचं पाणी ओतून पाहिलं. सर्र तशीच. वायरी बदलल्या, पिना नव्यानं सोल्डर केल्या, लॅपटॉपचं अडॅप्टर बदललं, हेडफोन दुसरा आणला. सर्र जागची हलेना. शेवटी जनरेटरवाल्याशी भांडलो, तुझ्या मशीनचा करंटच गंदा आहे म्हणून. तो बिचारा हेडफोन कानाला लावून म्हणाला, "भाऊ, मले तं काही ऐकू नाही येऊन राहिलं." मी म्हटलं, "तुले कान कुठं आहेत बे?"

मग गाणी फिकी लागायला लागली. टाळ, घुंगरू, शिट्ट्या, गाण्यात वरवर जे चमकत असतं ते सगळं गेल्यासारखं. मी टॉपचा ट्रेबल, म्हणजे हा वरचा आवाजच, वाढवला. पुढच्या वरातीत आणखी वाढवला. रामाकोन्याला एका वरातीत भर दुपारी नवरदेवाच्या मावशीनं दोन्ही कानांवर हात ठेवून माझ्या गाडीसमोर ठिय्याच दिला. "काय टोचून राहिला बाप्पा तुहा डीजे! कानात दाभण घालून राहिला का आमच्या?" नवरदेवाची घोडीसुद्धा मान झाडत होती. मी वरूनच म्हणालो, "मावशी, गाणंच खराब आहे. नेटवरचं आहे ते." ती म्हणाली, "गाण्याले काय धाड भरली? काल टीव्हीवर तं चांगलं वाजत होतं." लोक हसले. मीही हसलो, पण डोकं सणकलं होतं.

तेव्हापासून मी एकच रट लावली, की हे सगळं डिजिटलचं पाप आहे. दहा जणांच्या फोनमधून फिरून आलेलं, दाबून दाबून लहान केलेलं गाणं, त्यात वरचा आवाज राहीलच कसा? रेकॉर्डमध्ये आवाज कोरलेला असतो. सुई त्या रेघेवरून जशी हलते तसं वाजतं, मध्ये काही कापाकापी नाही. हे मी पानठेल्यावर सांगे, संत्रा मंडीत सांगे, बायकोला भाजी चिरताना सांगे. ती म्हणायची, "बरं."

माझा साळाही डीजेवालाच, सौंसरचा. त्याला मात्र या रटेचा वैताग आला होता. "जिजाजी, दाबलेली फाइल घेताच कशाले? मोठी घ्या ना. चांगली फाइल अन् रिकार्ड, यात फरक असन तं धुळीचा. अन् रिकार्ड आतल्या रेघांवर गेली की आवाज कसा चेंगरते, ते नाही सांगत तुम्ही लोकांले. बाबांच्या भोंग्यातून काय बासरी ऐकू येत होती का? भोंग्यातून तं नवरदेवाचं नावबी समजत नोव्हतं!"

मुद्द्याचं बोलला होता, म्हणूनच झोंबलं. मी म्हटलं, "तुहे कान पेनड्राइव्हवर वाढले. रविवारी बाबांकडे ये. भिंतीकडे तोंड करून बसतो. काहीही लाव, फाइल कोणती अन् रिकार्ड कोणती ते सांगतो. नाही सांगितलं तर नाव बदलीन."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ओसरीत मांडामांड केली. बाबांचा प्लेअर माळ्यावरून काढला, नागपूरहून मागवलेली नवी सुई बसवली. साळ्यानं त्याच गाण्याची मोठी फाइल आणली होती, दोन्ही वायरी एकाच मिक्सरमध्ये, स्पीकर एकच. खटके बायकोच्या हातात, कारण तिचा कोणाकडे ओढा नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसलो. बाबा खाटेवरून बघत होते. आपल्या पेटीशी आम्ही काय करून राहिलो हे त्यांना कळत असावं.

पहिल्यांदा वाजलं. मी म्हणालो, "फाइल." बरोबर. दुसऱ्यांदा वाजलं. "रिकार्ड." तेही बरोबर. खरं सांगायचं तर प्लेअरचा पट्टा सैल झाला होता, गाणं किंचित लंगडत होतं, त्यावरून ओळखलं. पण मान ताठ करून बसलो. तो वरचा चमकता आवाज मला रेकॉर्डमध्येही कुठं सापडला नव्हता, हे मी गिळून टाकलं. सर्र मात्र होती. आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हेडफोनमध्ये जी खोट समजून मी वायरी उपटत होतो, तीच रेकॉर्डमध्ये मला जिवंत वाटली.

गाणं थांबलं. मागे काहीतरी उचला-ठेव चालली होती. मी हात वर केला.

"आता रिकार्ड. सुई टेकली, गाणं लागायचं आहे अजून. ऐका ना, कशी सर्र येऊन राहिली!"

मी वर केलेला हात तसाच धरून ठेवला.

"येते ना ऐकू? हीच ती. भोंग्यातली. साल्या, आण तुही फाइल, काढून दाखव त्यातून अशी सर्र!"

साळा हसायला लागला आणि मध्येच थांबला. बायको हळू म्हणाली, "अहो, सुई तं वर आहे."

मी वळून पाहिलं. तिच्या एका हातात रेकॉर्ड होती, दुसऱ्या हातात फडकं. ती पुसत होती. प्लेअरचं ताट रिकामं. मिक्सरचा दिवासुद्धा बंद होता, साळ्यानं बटणच दाबून ठेवलं होतं. आणि सर्र चालू होती.

मी कानात बोट घातलं, तर ती आणखी जवळ आली. बोट काढलं, तिथंच. त्या क्षणी मला सगळं एकदम समजलं, अर्थिंग, वायरी, जनरेटरवाला, मावशी, सगळं. खाटेवरून बाबा माझ्याकडे टक लावून पाहत होते. ते हसत नव्हते.

साळा म्हणाला, "चला, चहा घेऊ." बस, एवढंच. माझी उडवायची संधी आयुष्यात न सोडलेला माणूस, आणि तो कप-बशा शोधायला आत गेला. त्यानं चिडवलं असतं तर जीव थोडा तरी भांड्यात पडला असता.

पांढुर्ण्याला परत आल्यावर मी घरातल्या घरात परीक्षा घ्यायला लागलो. देवघरातली घंटी वाजवून कानापासून लांब नेत जायचं. किल्ल्या हलवायच्या. गॅसची शेगडी न पेटवता नुसता खटका फिरवून तिचा फुस्स आवाज येतो का पाहायचं. हे करताना बायकोनं पकडलं तेव्हा तिनं असा आवाज चढवला की बाजूची वहिनी खिडकीत आली. "घर जाळाचं आहे का? वासबी नाही येऊन राहिला का तुम्हाले?" वास येत होता. फुस्स येत नव्हतं.

बायको रोज म्हणे, नागपूरला कान दाखवू. मी रोज म्हणे, लग्नाचा सीझन संपू दे. खरी गोष्ट अशी की माझी दवाखान्यात जायची हिंमत नव्हती. गाव लहान आहे. डीजेवाल्याला ऐकू येत नाही, ही बातमी मंडीत जायला कितीसा वेळ लागतो? लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, फक्त पुढच्या वेळी दुसऱ्याला सांगतात. आणि मग? मग खाट. मला स्वप्नात नाही, दिवसाढवळ्या, गाडीचं हॅन्डल धरलेलं असताना ती खाट दिसायची, आणि तिच्यावर मी.

तिगावच्या वरातीनं मला नागपूरला पाठवलं. लॅपटॉपला जोडलेली बॅटरीची पेटी बंद पडायच्या आधी टीं-टीं करते, बारीक आवाजात. ती वाजत राहिली आणि मी ऐन रंगात गाणी मिसळत राहिलो. मग एकदम सगळं ठप्प. रस्त्याच्या मधोमध नवरदेवाचे मित्र हात वर करून जागीच उभे. नवरीचा भाऊ गाडीवर चढून म्हणाला, "केव्हाची बोंबलून राहिली ती पेटी! आम्हाले खाली ऐकू आलं, तुम्ही काहून पाहून नाही राहिले?" मी म्हटलं, "आवाजात समजलं नाही." आवाज तर खालच्यांनाही तेवढाच होता. त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

नागपूरच्या दवाखान्यात काचेची एक खोली होती. त्यात मला बसवलं, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. बाहेर यंत्रासमोर एक तरुण मुलगी. "आवाज आला की दाबा, काका. कितीही बारीक असला तरी." काका! मला नवरदेवाचे मित्र 'भाऊ' म्हणतात. पण रागवायला त्राण नव्हतं. दार लागलं आणि इतकी शांतता झाली की माझी सर्र मुसळधार कोसळायला लागली.

पहिले आवाज आले, जाड, ओळखीचे. दाबलं. हळूहळू ते बारीक होत गेले, आणि एका जागी मला फक्त सर्र ऐकू यायला लागली. मी घाबरलो. पण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की पोरीचा हात ठेक्यात आहे. आवाज, थोडी जागा, आवाज, थोडी जागा. डीजेवाल्याला ठेका मोजायला काय लागतं? मी मनात मात्रा धरली आणि बरोबर समेवर बटण दाबायला लागलो. ऐकू काही येत नव्हतं. मात्रा मात्र एक चुकू दिली नाही. मनात म्हटलं, चला, निघालो यातून.

दार उघडलं. ती मुलगी गोंधळून उभी होती. "काका, मी तर केव्हाची थांबले आहे. पेन खाली पडला तो उचलून राहिली होती. तुम्ही कशाचं बटण दाबून राहिले?"

मला काय झालं कोण जाणे, मी खरं बोललो. म्हटलं, "बाई, मी डीजेवाला आहे. मोजून दाबलं. मला लय भीती वाटून राहिली."

ती हसली नाही. म्हणाली, "मोजू नका. डोळे मिटून बसा. नाही आलं ऐकू तर नाही आलं."

डोळे मिटून बसलो. असं कधी बसलो नव्हतो. मोजायचं नाही, बटणावर अंगठा, आणि लांबच लांब काहीच नाही. त्या 'काहीच नाही'मध्ये ती मुलगी बाहेरून मला आवाजामागून आवाज देत होती, हे मला माहीत होतं. येत होते, फक्त माझ्यापर्यंत पोचत नव्हते. दार पुन्हा उघडलं तेव्हा माझ्या गालांवर पाणी होतं, आणि बायको पदर पुढं करून उभी होती.

डॉक्टरांनी कागद दाखवला. रेघ डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, बरी होती, उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, विहिरीच्या पायऱ्या उतराव्या तशी खाली गेलेली. "वरचे आवाज गेले. ते परत येत नाहीत. उरलेले तुमच्या हातात आहेत. असंच चाललं तर बोलणं समजायलाही त्रास होईल." मी सर्रचं विचारलं. ती कानातूनच येते म्हणाले, बाहेर शोधू नका. मला काहीतरी धरायला हवं होतं, म्हणून मी विचारलं, "डॉक्टर, रेकॉर्डवर वाजवलं तर? तो आवाज मऊ असतो म्हणतात." ते म्हणाले, "कानाला रेकॉर्ड कळत नाही आणि फाइलही कळत नाही. किती जोरात आणि किती वेळ, एवढंच कळतं." इतके दिवस ज्यावर भांडलो ते भांडण त्या माणसानं तिथल्या तिथं मिटवून टाकलं.

परतताना मी बायकोला म्हटलं, सौंसरला उतरू. का, ते मला सांगता आलं नाही. ती काही न विचारता उतरली, आणि घरी गेल्यागेल्या स्वयंपाकाला लागली.

प्लेअर आणि त्याला जोडलेला स्पीकर त्या रविवारपासून ओसरीतच होता. बाबा खाटेवर. मी जाऊन त्यांच्याशेजारी खाटेवर बसलो. याआधी त्या खाटेवर मी बसत नसे, खुर्ची ओढून घ्यायचो.

"कान दाखवले?" बाबांनी विचारलं.

त्यांना त्या रविवारीच समजलं होतं. मी मान हलवली. ओरडलो नाही, त्यांच्याकडे तोंड करून नुसते ओठ हलवले. "वरचे गेले."

"सर्र येते?"

"येते."

बाबांनी प्लेअरकडे बोट केलं. मी उठून रेकॉर्ड चढवली, सुई टेकवली. त्यांनी तळहात स्पीकरच्या डब्यावर ठेवला. त्यांना गाणं हातानं समजतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. "माह्या कानात सुई टेकेलच हाये," ते म्हणाले. "केव्हाची! आधी वाटे, आता गाणं लागन, आता लागन. लागतच नाही."

"कोणाले सांगितलं काहून नाही?"

"बहिऱ्याले लग्न कोण सांगन रे? लय भेव वाटे. तुह्या मायलेबी नाही सांगितलं."

"मलेही वाटून राहिलं, बाबा," मी म्हटलं, आणि माझा आवाज फुटला. त्यांनी तो ऐकला नाही, पाहिला. डब्यावरचा हात काढून माझ्या मानेवर ठेवला आणि तसाच राहू दिला. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो.

गाणं संपलं तशी मी सुई उचलली.

"उचलली?" बाबांनी विचारलं.

"उचलली."

"थांबली?"

"नाही."

"माहीबी नाही," बाबा म्हणाले.

बायको आतून केव्हाची जेवायला हाका मारत होती. हे आम्हा दोघांना ती ओसरीत समोर येऊन उभी राहिली तेव्हाच कळलं.